पत्रिकेतलं पद

लग्नपत्रिका हातात पडली की माणूस आधी आपलं नाव शोधतो. ते सापडलं, नीट छापलेलं असलं आणि धाकट्या चुलतभावाच्या वर असलं, की त्याचं समाधान होतं. मुहूर्त कितीचा आणि जेवण कुठं, हे बायको विचारेल तेव्हा पाहू. रबड्यांच्या घरची पत्रिका तीन दिवसांत रामाकोन्यापासून पांढुर्ण्यापर्यंत सहाशे घरांत गेली आणि तरी कोणाच्या ध्यानात काही आलं नाही, ते यामुळेच.

पत्रिकाही काही लहान नव्हती. यशवंतरावांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न, त्यात सख्खा धाकटा भाऊ हेमराज राज्यसभेचा खासदार. आतल्या दोन पानांवर एकशे बारा नावं होती आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे प्रत्येक नावापुढे पद. कोणी माजी उपसरपंच, कोणी विमा एजंट, कोणी सेवानिवृत्त पोस्टमन. ज्याला काहीच नाही त्याच्यापुढे निदान गाव. मागे हेमराजच्या गायत्रीच्या लग्नात एका मामाचं 'शाखाध्यक्ष' छापायचं राहिलं, तर मामा आहेर ठेवून न जेवता परत गेला होता. ते रामायण पुन्हा नको म्हणून यशवंतरावांच्या राजूने या वेळी काकांच्या पांढुर्ण्याच्या कार्यालयात भाऊरावला निरोप धाडला, की घरच्या सगळ्यांची नावं पदांसकट लिहून पाठव, एकही सुटू देऊ नको. भाऊराव म्हणजे वीस वर्षं हेमराजचे कागद सांभाळणारा माणूस. सांगितलं तेवढं करायचं आणि जास्त विचारायचं नाही, हाच त्याचा मोठा गुण. त्याने एकही पद सोडलं नाही.

रविवारी सकाळी देवकाबाई पडवीत वाटीभर ओली हळद घेऊन बसल्या होत्या आणि उरलेल्या पत्रिकांच्या कोपऱ्यांना बोट लावत होत्या. लग्नाला अठरा दिवस होते. मोहगावकडच्या पत्रिका न्यायला संत्रेवाल्यांच्या संस्थेची माणसं दुपारी यायची होती, हेमराज आणि जयश्री जेवायला यायचे होते, आणि आत पाटोडीचा रस्सा उकळत होता. नवरी, म्हणजे प्रणाली, आदल्या दिवशीच नागपूरच्या बसने आली होती. तिथं ती एका सीएच्या ऑफिसात लोकांच्या कंपन्यांचे कागद लावते. छापलेला कागद दिसला की वरपासून खालपर्यंत वाचून काढायचा, ही तिची खोड. त्यामुळे जे तोवर या घरात कोणी वाचलं नव्हतं, ते तिने वाचलं.

'सौ. देवकाबाई यशवंतराव रबडे, संचालिका, नारिंगबन फ्रूट्स प्रा. लि.'

ती हसत सुटली. "आई, तू कंपनीची मालकीण कवा झाली?"

देवकाबाईही हसल्या. मला वांग्याच्या भाजीत खोबरं घालायचं तरी तुझ्या बाबाला विचारावं लागतं, आणि म्हणे मालकीण, असं काहीतरी बोलल्या. राजू पत्रिका मोजत होता, तो मोजतच राहिला. यशवंतरावांना मात्र हसू आलं नाही. नारिंगबनचं नाव काढलं की त्यांचं डोकं उठायचं, आणि ते का, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी रामाकोना, मोहगाव आणि आजूबाजूच्या एकशेचाळीस संत्रेवाल्यांनी मिळून संस्था काढली, यशवंतरावांना अध्यक्ष केलं आणि सरकारी योजनेत संत्रं धुऊन, पॉलिश करून, खोक्यात भरायचं केंद्र मागितलं. जागेसाठी यशवंतरावांनी सडकेला लागून असलेलं आपलं एकर दिलं. लोकांनी आपापले ट्रॅक्टर आणून ते सपाट केलं. मग एक दिवस योजनाच बदलली. असली केंद्रं शेतकऱ्यांच्या संस्थांना न देता मोठं भांडवल लावणाऱ्या खाजगी कंपन्यांना द्यावीत, अशी शिफारस संसदेच्या एका समितीने केली. त्या समितीत हेमराज होता. मी खूप भांडलो दादा, पण एकट्याचं कोण ऐकतं, असं तो सांगून गेला, आणि दादाने ते जसंच्या तसं संस्थेच्या सभेत सांगितलं. वर्षाच्या आत सौंसरच्या रस्त्यावर निळ्या पत्र्यांचा कारखाना उभा राहिला. नागपूरच्या कोण्या शेठचा आहे, असं लोक म्हणत. तोच हा नारिंगबन.

आणि आता त्याचं नाव आपल्या बायकोच्या नावापुढे. संस्थेतल्या कोणी वाचलं तर काय म्हणेल, या विचारानेच यशवंतरावांचा पारा चढला. त्यांनी छापणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, मला कार्यालयातून आला तोच कागद मी छापला, अक्षरानं अक्षर. मग भाऊरावला लावला. प्रणालीने फोन त्यांच्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला.

"चूक नाही जी, भाऊसाहेब," भाऊराव म्हणाला. "फाईल उघडून पाहूनच लिहिलं म्या. वहिनीसाहेब पयल्या दिवसापासून संचालिका हायेत. दुसरा संचालक मीच. मले तं वाईट वाटे, एवढं मोठं पद अन् कुठंच छापून येत नाही म्हणून."

फोन बंद झाला. प्रणालीने आपल्या मोबाईलवर सरकारी नोंदी उघडल्या. असलं काम ती रोज करते, तिला दोन मिनिटं पुरली. तिने आधी स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं, मग मोबाईल बाबांच्या पुढे धरला. संचालक दोन. शंभरातले नव्वद हिस्से देवकाबाईंच्या नावावर. पत्ता याच घराचा.

यशवंतराव चष्मा काढून पुसत राहिले. आपलं डोकं चालेनासं झालंय एवढंच त्यांना कळत होतं. दोन वर्षं ज्या शेठला आपण भर सभेत शिव्या घातल्या, तो शेठ समोर हळदीचं बोट घेऊन बसला होता.

देवकाबाईंना संचालिका म्हणजे काय हे कळत नव्हतं, अशातला भाग नाही. चाळिशीत प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन त्या लिहायला शिकल्या होत्या, आणि सही करणं हे तेव्हापासून त्यांचं एक सुख होतं. कोणी कागद पुढे केला की चष्मा लावून, जीभ दाताखाली धरून त्या सावकाश आपलं नाव काढायच्या. एवढं लक्ष नावात असायचं की कागदात काय आहे ते विचारायचं राहून जायचं. आणि विचारायचं तरी कोणाला? कागद घरचीच माणसं आणत. आता त्यांना दोन वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. आठ-दहा पानं होती, प्रत्येक पानावर सही, आणि त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं की आज माझा हात दुखला बाप्पा.

"राजू," त्या म्हणाल्या, "तो पीक विम्याचा कागद होता न?"

राजू चौतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. त्या एका प्रश्नाने तो पार उघडा पडला. काकांनी त्याला पांढुर्ण्याला बोलावून सांगितलं होतं, वहिनीच्या नावाने काही चांगलं करतोय, तूर्त घरी बोलू नको, दादा भोळा आहे, सभेत बोलून बसेल. राजूने आईचं आधार कार्ड नेलं, फोटो नेला, तिच्या मोबाईलवर आलेले ओटीपीचे आकडे वाचून दाखवले. पुढच्याच महिन्यात त्याला सौंसरला खताची एजन्सी मिळाली. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे त्याने काकांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर एजन्सी घेता आली नसती.

"विम्याचा नव्हता, आई," तो म्हणाला.

यशवंतराव उठून त्याच्याजवळ गेले. मारायला उठले होते हे सगळ्यांना दिसलं. पण जवळ गेल्यावर काय करायचं तेच त्यांना सुचेना, आणि ते तसेच उभे राहिले. देवकाबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांना फक्त पुन्हा पुन्हा तेच वाटत होतं की हे आपल्या राजूने कसं केलं, याला तर आपण खोटं बोलल्यावर दोन दिवस जेवायला वाढत नव्हतो.

तेवढ्यात गाडी आली.

हेमराज नेहमीसारखा चपला अंगणात सोडून, वहिनी भूक लागली, असं म्हणतच आत शिरला. दिल्लीत तो कोणीही असो, या घरात तो देवकाबाईंचा पोर होता. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि देवकाबाई अठराव्या वर्षी नवरी होऊन नुकत्याच आल्या होत्या. त्याच्या शाळेच्या डब्यापासून त्याच्या लग्नाच्या मुंडावळ्यांपर्यंत सगळं त्यांनी केलं. खासदार झाल्यावर पांढुर्ण्याच्या सत्कारात त्याने माइकवर सांगितलं होतं की माझी आई म्हणजे माझी वहिनी, आणि समोरची हजार माणसं डोळे पुसत होती. त्यात नाटक नव्हतं. तो मानतच होता तसं.

जयश्रीला, त्याच्या बायकोला, दारातच समजलं. प्रणालीच्या हातातली पत्रिका, राजूची खाली गेलेली मान, थोरल्या दिरांचं तोंड. दोन वर्षांपूर्वी तिने नवऱ्याला म्हटलं होतं, ताईंचं नाव नको घालू रे. तेव्हा तो म्हणाला होता की माझं चालत नाही, तुझं चालत नाही, पोरांचं चालत नाही, मग कोणाचं घालू? आणि खरं सांगायचं तर तिला त्या वेळी हायसं वाटलं होतं, की चला, आपलं नाही. आज त्या हायसं वाटण्याची तिला लाज वाटली. ती मुकाट्याने भिंतीशी जाऊन बसली.

प्रणालीने पत्रिका काकांच्या हातात दिली. त्याने आधी आपलं नाव पाहिलं, मग वहिनीचं.

पहिला शब्द त्याच्या तोंडून भाऊरावबद्दल निघाला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. मग तो शांत झाला. गेली तीस वर्षं सभा आणि बैठका काढलेला माणूस, सावरायला त्याला वेळ लागत नाही. खाटेवर बसून समजावायला लागला. सगळं कायद्यात आहे, मी वकिलाला विचारूनच केलं. दिल्लीत सभागृहाची नोंदवही असते, तिच्यात खासदाराने आपला धंदा, आपली कंपनी लिहायची. मिळकतीच्या कागदावर बायको आणि आपल्यावर अवलंबून असलेली मुलं लिहायची. ते सगळं मी लिहिलंय, एक ओळ खोटी नाही. कारखाना काढायचाच होता तर बाहेरच्याने काढून लुटण्यापेक्षा घरच्याने काढला, यात वाईट काय झालं? उद्या तो राजूचाच आहे, प्रणालीचाच आहे.

"समितीत बसता तवा सांगा लागते न काका," प्रणाली म्हणाली, "की या विषयात माहा फायदा हाय?"

"माहा फायदा असला तं सांगा लागते. माह्या नावावर एक हिस्सा नाही."

"आईच्या नावावर नव्वद हायेत."

"भावजय त्या नियमात कुठंच येत नाही, बेटा. म्या तपासलं हाय."

हे तो प्रणालीला सांगत होता, पण ऐकलं देवकाबाईंनी. इतका वेळ त्या राजूच्या खोट्यातच अडकून पडल्या होत्या. आता त्यांनी मान वर केली.

"म्हणजे मी तुही कोणीच लागत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून माहं नाव घेतलं."

"कागदावर, वहिनी. फक्त कागदावर."

"कागदावरच तं म्या सही केली."

हेमराज दादाकडे वळला. लहानपणापासूनची त्याची ही सवय: वहिनी रागावली की दादाच्या मागे जायचं. आणि दादानेही कधी त्याला उघडं पाडलं नव्हतं. गारपिटीच्या साली वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीचं वावर त्याला देऊन दादाने स्वतः माळ घेतला होता.

हेमराज हळू आवाजात बोलला. बाहेर गेलेल्या पत्रिका कोणी वाचलेल्या नाहीत. उरलेल्या आजच जाळून टाकू, नव्या उद्या छापून आणू. कोणी विचारलंच तर सांगायचं, छापणाऱ्याची चूक झाली, दुसऱ्याच्या पत्रिकेतली ओळ इकडे पडली. छापणाऱ्याला मी सांभाळतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, दादा. लेकीचं लग्न तोंडावर आहे. पांढुर्ण्याचे सुरेश गुरुजी, तुमचे होणारे व्याही, तत्त्वाचे माणूस आहेत, त्यांच्या कानावर हे असं जायला नको.

शेवटचा मुद्दा बरोबर जागी लागला. यशवंतरावांनी डोळे मिटून घेतले. रात्रंदिवस संस्था संस्था करणारा हा माणूस, पण लेक मंडपात उभी आहे आणि वराकडची माणसं उठून चालली आहेत, एवढंच त्यांना मिटल्या डोळ्यांनी दिसलं. राजू लगेच म्हणाला की काका बरोबर म्हणून राहिले, झालं ते झालं. यशवंतराव थोड्या वेळाने म्हणाले, लग्न होऊन जाऊ दे, मग पाहू. प्रणाली म्हणाली की माझ्या लग्नाचं नाव पुढे करून कोणी खोटं बोलू नका, माझ्या सासरच्यांना, अमितच्या घरच्यांना, वाचता येतं. पण नवरीचं कोण ऐकतं? तिला उलट सांगण्यात आलं की तू यात पडू नको.

"वहिनी," हेमराज म्हणाला, "तुम्ही फक्त एवढंच म्हणा, मले काही माहीत नाही, छापणाऱ्यानं चुकवलं. तुमचं लोक मानतात."

देवकाबाईंनी हळदीची वाटी बाजूला ठेवली आणि हात लुगड्याला पुसले. मले काही माहीत नाही, हे तर खरंच होतं. छापणाऱ्यानं चुकवलं, हे तेवढं खोटं. खऱ्याला एवढंसं खोटं चिकटवून द्यायचं की सगळे सुटतात: हेमराज, राजू, लग्न. त्यांना एकदा वाटलंही, म्हणून टाकावं. तेव्हा जयश्री भिंतीपासून उठली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. ताई, मला ठाऊक होतं, एवढं एकच वाक्य ती बोलली. हेमराजने बायकोकडे असं पाहिलं, की तिथं दुसरं कोणी नसतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

संस्थेची माणसं आली ती सांगितल्या वेळेच्या आधीच. मोहगावचे दोघे शेतकरी, आणि त्यांच्याबरोबर कुसुम. कुसुम आणि देवका एकाच वर्षी या गावात नवऱ्या होऊन आल्या. कुसुमचा नवरा गेला तेव्हापासून तिची दोन एकराची बाग तीच पाहते, आणि संस्थेत पहिलं नाव बायांमधून तिनेच दिलं. खासदार घरी आहेत म्हटल्यावर मोहगावकर खूश झाले, राम राम झाले, पाणी झालं. कुसुमच्या हातात पत्रिका होती. तिच्या घरी शुक्रवारीच पोचली होती.

"देवका, हे काय छापलं वं?" ती हसतच म्हणाली. "माह्या नातवानं वाचून दाखवलं. आम्ही तं हसून हसून मेलो."

सगळे यशवंतरावांकडे पाहायला लागले. अध्यक्षांनी खुलासा करायचा, ही संस्थेची पद्धतच होती. यशवंतरावांनी घसा साफ केला. छापणाऱ्यानं, एवढं म्हणाले, आणि दुसरा शब्द शोधत राहिले.

"छापणाऱ्याची चूक नाही," देवकाबाई म्हणाल्या. "त्यानं खरं छापलं. तो कारखाना माह्या नावावर हाय. आपला अर्ज गेला तो त्याच्याचपायी. हेमराजनं केलं, राजूनं कागद आणला, सही म्या केली. मले आज समजलं."

मोहगावच्या एका शेतकऱ्याला अजून गंमतच वाटत होती. तो हसला, मग खासदारांच्या तोंडाकडे पाहून हसणं थांबवलं. दुसरा फक्त म्हणाला, कुंपणानंच शेत खाल्लं मग, आणि पाण्याचा गडू खाली ठेवला. हेमराज उठून काही सांगायला लागला, नियम, नोंदवही, वकील. पण इथं ते कोणाच्याच कानात शिरत नव्हतं. त्या दोघांचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. ते यशवंतरावांकडे पाहत होते, ज्यांनी तीन वर्षं त्यांना सांगितलं होतं की हेमराज दिल्लीत आपल्यासाठी भांडून राहिला.

कुसुम मात्र देवकाबाईंकडे पाहत होती.

"आज समजलं?"

"हाव."

"मागच्या हंगामात माह्यासंगं त्या कारखान्याच्या गेटवर उन्हात चार घंटे उभी होती तू. वॉचमननं आपली संत्रं बारकी म्हणून वापस केली. तवा नव्हतं माहीत?"

"नव्हतं, कुसुम."

"सही तुही हाय न?"

"माहीच."

"मंग?"

न वाचता सही केली, हे देवकाबाईंनी चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रिणीला सांगायचं कसं? प्रौढ शिक्षणाच्या वर्गात दोघी शेजारीशेजारी बसल्या होत्या. तिथल्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आधी वाचायचं, मग सही. कुसुम अजूनही खताच्या पावतीवर सही करायच्या आधी अक्षरं लावून लावून वाचते आणि दुकानदाराला ताटकळत ठेवते.

"आजपावतो तुह्या शब्दावर चाललो आम्ही," कुसुम म्हणाली. "यशवंतरावाच्या नाही, तुह्या. आता नको."

तिने हातातली पत्रिका खाटेवर ठेवली आणि अंगणात उतरली. ते दोघेही तिच्यामागे गेले. मोहगावच्या पत्रिकांचा गठ्ठा तिथंच राहिला. यशवंतराव अनवाणीच त्यांच्यामागे धावले, कुसुमबाई, थांबा, ऐका, म्हणत. फाटकापर्यंत त्यांचा आवाज आला, मग सडकेवरून येऊ लागला. कुसुम थांबली नाही, हे आवाजावरूनच कळत होतं.

आतून रस्सा करपल्याचा वास आला, तेव्हा जयश्री उठून आत गेली.

"हेमराज," देवकाबाई म्हणाल्या, "मले दिल्लीले घेऊन चाल. ज्यायच्या समोर तू बोलला की यात माहं काही नाही, त्यायच्या समोर मले उभी कर. मी सांगतो त्यायले, मी याची कोण लागतो."

"तिथं असं कोणाले उभं राहता येत नाही, वहिनी."

"मंग मी कुठं उभी राहू?"

उत्तर प्रणालीने दिलं. कोणालाही लेखी तक्रार करता येते, ती म्हणाली. सभागृहाची आचार समिती असते, तिच्याकडे. साध्या कागदावर चालते, फक्त लिहिणाऱ्याचं नाव आणि सही लागते.

हेमराज खाली बसला. थेट जमिनीवर, लहानपणी बसायचा तसा, वहिनीच्या समोर. त्याचा आवाज बदलला होता. तक्रार गेली की चौकशी लागेल, ती बातमी होईल. कारखान्याचं मी पाहतो, उद्या संस्थेच्या नावावर करून देतो, हवं ते लिहून देतो, असं तो म्हणत राहिला. राजूही म्हणाला, आई, काका देतो म्हणतात तर घेऊन मोकळं होऊ. देवकाबाईंनी दोघांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वहिनी, तीस वर्षांत कमावलेलं नाव हाय माहं," हेमराज म्हणाला. "एका कागदानं जाईल."

"माहं गेलं न, हेमराज," त्या म्हणाल्या. "आत्ता, तुह्या समोर गेलं. कुसुम उठून गेली, पाह्यलं न तू?"

या सगळ्या दिवसात पहिल्यांदा त्या रडल्या, आणि रडतच त्यांनी प्रणालीला हाताने जवळ बसायची खूण केली.

"लिही. आधी माहं लिही, म्या न वाचता सही केली ते. मंग याचं."